गाळ काढताना चिखलात कासव सापडलं तर

एप्रिल-मे महिन्यात तळं आटतं, गाळ काढायला जेसीबी उतरतो, आणि नेमकं तेव्हाच तळाच्या चिखलात मऊ पाठीचं कासव दडलेलं असतं. हे इंडियन फ्लॅपशेल. पाठ कातडीसारखी गुळगुळीत, पोटाकडून मागचे पाय झाकणाऱ्या दोन झडपा, प्रत्येक पायाला तीन नख्या.

ते तिथे अडकलेलं नसतं. स्वतःहून पुरून घेतलेलं असतं, आणि ही सवय त्याच्या शिकारीतूनच दिसते. पाणी असताना ते मऊ गाळात अंग डावी-उजवीकडे हलवत खाली बसतं. वर उरतं ते फक्त नळीसारख्या नाकाचं टोक आणि डोळे. मासा, खेकडा किंवा बेडूकमासा टप्प्यात आला की लांब मान झटक्यात सुटते आणि जबडा उघडताच भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं. घास मोठा असेल तर पुढच्या नख्यांनी फाडतं, गोगलगायीचं कवच जबड्याने फोडतं. पाणवनस्पतीही खातं आणि मेलेले मासेही.

पाणी संपलं की हेच पुरून घेणं जीव वाचवतं. ओल आहे तिथे ते खाली जातं, झडपा मिटतं, हालचाल मंदावते आणि अंगातल्या चरबीवर पावसाची वाट बघतं. काही कासवं मात्र दुसरं पाणी शोधत जमिनीवरून चालत निघतात. मऊ कातडीतून ओल लवकर उडते, त्यामुळे उकरून उन्हात टाकलेलं कासव फार काळ तग धरत नाही.

काम सुरू होण्याआधी सकाळीच तळ फिरून घ्या. ओल टिकलेले सखल कोपरे, काठावरची झुडपं, जलपर्णीच्या वाळल्या थराखालची जागा आधी बघा. चाचपायला बोथट बांबू घ्या. पहार नको, ती पाठीतून आरपार जाते. शक्य असेल तर सर्वात सखल कोपरा यंदा खणूच नका, खुणेला काठ्या रोवून ठेवा. बाकी ठिकाणी बकेट एकदम खोल न घालता वीतभर जाडीचे थर काढा. ट्रॉलीत पडणाऱ्या मातीवर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा करा. बहुतेक कासवं वाचतात ती इथेच.

कासव सापडलं तर:

1. दोन्ही हातांनी पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाला धरा. मान लांब असते, पुढे बोट नेलंत तर चावा बसतो. पाय किंवा शेपटी धरून उचलू नका.

2. अंगावरचा चिखल घासून काढू नका, तो ओल धरून ठेवतो. उचलल्यावर ते लघवी सोडेल. मूत्राशयात साठवलेलं पाणी असं वाया जातं, म्हणून हाताळणी एकदाच.

3. रुंद टबात 10 ते 15 सेंमी ओला चिखल घाला, त्यावर कासव ठेवा, वरून ओलं गोणपाट टाका. टब सावलीत. एका टबात एकच कासव.

4. भरल्या बादलीत सोडू नका. सुस्तावलेलं किंवा जखमी कासव खोल पाण्यात बुडू शकतं. खायलाही काही देऊ नका.

5. महाराष्ट्रात वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवा. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरी पाळणं किंवा विकणं गुन्हा आहे.

जिवंत आहे का कळत नसेल तर मागच्या झडपेला बोटाने हलकंच दाबा आणि मिनिटभर थांबा. या दिवसांत प्रतिसाद उशिरा येतो. नुसतं निश्चल आहे म्हणून मेलेलं समजून फेकण्याची चूक वारंवार होते. पाठ फुटली असेल तर हळद, चुना, फेविक्विक यांपैकी काहीही लावू नका. स्वच्छ ओला कपडा झाकून प्राण्यांच्या डॉक्टरपर्यंत पोहोचवा.

काठ उकरताना लिंबापेक्षा लहान, पांढरी, गोल, कडक कवचाची अंडी दिसली तर तिथलं काम थांबवा. अंडी उलटली तर आतलं पिल्लू मरू शकतं. होती तशीच मातीने झाका आणि वनरक्षकाला जागा दाखवा.

वन विभागाने जागेवरच सोडायला सांगितलं, तर जवळचं मातीच्या उताराचं पाणी निवडा. विहीर नको आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळंही नको: त्या गुळगुळीत उतारावरून नख्या निसटतात, कासवाला वर येता येत नाही आणि थकून ते मरतं. तुमच्या शेतात असं शेततळं असेल तर दोन कोपऱ्यांत काठापासून तळापर्यंत गाठी मारलेली जाड जाळी बांधून सोडा. गाळ काढून झाल्यावर तळ्याचा निदान एक काठ सरळ न तासता सौम्य उताराचा ठेवा, म्हणजे पहिल्या पावसात जमिनीवरून येणारी कासवं तिथून आत उतरू शकतील.