पहिलीची तयारी खेळातून कशी करून घ्यावी

पहिली जवळ आली की घरात दुरेघी वह्या येतात आणि पाच वर्षांच्या पोराला ‘खेळ पुरे झाला’ असं ऐकवलं जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मात्र तीन ते आठ ही वर्षं एकच पायाभूत टप्पा मानली आहेत. पहिली-दुसरीही त्यातच येते, आणि शिकवायचं ते मुख्यतः खेळातून. पालघरजवळच्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा असं धोरण कुठे होतं? पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. साधनं कसली, तर खडे, शिंपले, पानं, बिया. आपल्यालाही फार काही विकत आणायचं नाही.

१. सामान काढा

दहाबारा चिंचोके, खडू, फरशीचा एक चपटा तुकडा, स्वयंपाकघरातली दोन-चार जुनी भांडी. धाकटं भावंड तीन वर्षांच्या आतलं असेल तर चिंचोके त्याच्या हाती लागू देऊ नका. नाकात नाहीतर तोंडात जायला क्षणही पुरतो.

२. चिंचोके घासा आणि टाका

पाच चिंचोके घ्या. खरखरीत फरशीवर एकाच बाजूने घासा, तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. हे काम मुलालाच करू द्या. बोटांची चिमटी घट्ट होते, आणि पेन्सिल धरायला तीच चिमटी लागते. चार मिनिटांत कंटाळा आला तर उरलेले तुम्ही घासा.

आता मुठीत हलवून टाका. जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे. पट खडूने जमिनीवर आखला तरी चालतो. सुरुवातीला मूल एकेक बोट लावून मोजेल. मोजू द्या. काही दिवसांनी तीन पांढरे नुसते बघूनच ओळखेल. मग एखाद्या डावात विचारा, ‘तपकिरी किती असतील?’ आणि ते हाताने झाका. तीन आणि दोन पाच, चार आणि एक पाच, हे पाढ्यासारखं घोकावं लागत नाही, कारण डाव जिंकायला ते लागतंच. पुढे वर्गात वजाबाकी येते तेव्हा ‘पाचातून तीन गेले’ हे त्या मुलाने शंभरदा पाहिलेलं असतं.

सहा-सात वर्षांच्या मुलांना सागरगोटे द्या. एक वर उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे चार उचलायचे: आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चाराची फोड याहून चांगली मांडलेली मला तरी कुठल्या पुस्तकात दिसली नाही. आजीला जमत असेल तर तिलाच बसवा. आपल्या पिढीचे हात या बाबतीत गेलेच.

३. ठिकरी आखा

अंगण नसेल तर जिन्याखालची जागा किंवा गच्ची. घरांतले आकडे मुलाने लिहावेत, वाकडे आले तरी. एका पायावर तोल सांभाळायचा, रेघेवर पाय पडू द्यायचा नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. वर्गात बाई बोलत असताना स्वतःला आवरायचं असतं, त्याचा सराव इथेच होतो.

४. भातुकलीत ढवळाढवळ करू नका

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी खेळातल्या काठीच्या घोड्याबद्दल एक मर्माची गोष्ट सांगितली होती: काठीला घोडा मानताना मूल वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करायला शिकतं. आपल्याकडे पिंपळाचं पान पुरी होतं आणि वाळूचा भात. एक गोष्ट दुसरीच्या जागी उभी राहू शकते, हे ज्याला कळलं त्याला ‘क’ नावाची रेघोटी एका आवाजाच्या जागी उभी आहे हेही पटतं.

म्हणून ‘अगं, हे पान आहे’ म्हणू नका. पुरी खा आणि मीठ कमी आहे म्हणा. दुकान-दुकान चालू असेल तर गिऱ्हाईक व्हा आणि यादी मागा. मूल कागदावर काहीतरी गिरवून देईल. ती यादीच आहे, तशीच वाचून दाखवायला सांगा.

५. परीक्षा घेऊ नका

इथे बहुतेक आईबाबा घसरतात, मीही घसरले आहे. खेळ रंगात आला की आपल्याला ‘सांग बरं, हे किती?’ विचारायची खुमखुमी येते, आणि मूल उठून जातं. एका डावात एक प्रश्न पुरे, तोही खेळाच्या उपयोगाचा. एरवी तुमचा डाव तुम्ही मनापासून खेळा. मुद्दाम हरू नका, मुलांना कळतं. हरल्यावर ते चिडलं, पट पुसला, तर त्या दिवशी खेळ थांबवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडा. नियम बदलायचा म्हणालं तर बदला, फक्त डाव सुरू व्हायच्या आधी, दोघांनी ठरवून.

रोज अर्धा तास मिळाला तरी खूप. आवरताना चिंचोके मुलानेच मोजून डबीत भरायचे. चारच भरले तर पाचवा बहुतेक सोफ्याखाली असतो.