शनिवारच्या पायथन वर्कशॉपची तयारी, आणि ती गेटची यादी

गेल्या वर्षी बायकांना पायथन, म्हणजे प्रोग्रॅमिंगची एक भाषा, शिकवायच्या वर्कशॉपसाठी मी सगळं केलं होतं. स्लाइड होत्या, शेजारी बसून शिकवणाऱ्या कोच होत्या, समोसे वेळेवर आले होते, स्टिकरसुद्धा छापले होते. नव्हती ती फक्त गेटवरची यादी, म्हणजे कुणाकुणाला आत सोडायचं त्यांची नावं. हिंजवडीतल्या एका कंपनीने शनिवारी मजला वापरायला दिला होता, साडेनऊची वेळ होती, आणि सव्वादहाला ३४ बायका लॅपटॉपच्या बॅगा पोटाशी धरून गेटबाहेर परतीच्या पावसात उभ्या, आणि सिक्युरिटीचे काका शांतपणे सांगतायत, "मॅडम, लिस्ट आली नाही, मी काही करू शकत नाही." काकांचं शंभर टक्के बरोबर होतं. यादी मी शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता पाठवली होती आणि तिकडचा अ‍ॅडमिनवाला सहाला घरी गेला होता. तो सोमवारपर्यंत मेल बघणार नव्हता, कशाला बघेल?

यंदा परत करतोय आणि दोघीतिघींनी विचारलं की तयारी काय काय लागते, म्हणून लिहून ठेवते. क्रम असेल नसेल. पण गेटची यादी मी मधेमधे आणणारच आहे, कंटाळा आला तरी वाचा.

आधी तारीख. अ‍ॅडा लव्हलेस डे (जिला पहिली प्रोग्रॅमर मानतात तिच्या नावाचा दिवस) ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी असतो, २००९ पासून पाळतात, पण मंगळवारी रजा टाकून कोण येणार, म्हणून आपण आजूबाजूचा शनिवार घेतो. कॅलेंडर उघडून नवरात्र, दसरा, दिवाळीच्या आधीची साफसफाई हे सगळं बघा. "वर्कशॉपला काय सणाचं" असं म्हणणारा माणूस घरात फराळ करत नाही एवढंच त्यातून कळतं. मार्चमध्ये करायचं असेल तर ८ तारखेच्या आगेमागे नको, त्या पंधरवड्यात प्रत्येक कंपनीला अचानक बाई वक्ता हवी असते आणि शहरातल्या त्याच सातआठ जणी सगळीकडे पळत असतात.

जागा. प्रोजेक्टर आहे का वगैरे तुम्ही विचारालच. विचारायचं राहतं ते हे, की शनिवारी एसी चालू असतो का (नसतो, आधी रिक्वेस्ट टाकावी लागते), त्या मजल्यावरचं लेडीज टॉयलेट उघडं असतं का (माझ्या बाबतीत कुलूप होतं, किल्ली हाउसकीपिंगकडे, हाउसकीपिंग सुट्टीवर), गेस्ट वायफायला प्रत्येकीच्या मोबाइलवर ओटीपी येतो का आणि एका वेळी किती जणींना चालतं. स्वतः एकदा जाऊन यायचं, शनिवारीच. मंगळवारी गेलात तर सगळं झकास दिसेल. आणि जाल तेव्हा गेटवर विचारा की बाहेरच्या माणसांची यादी कुणाकडे, किती दिवस आधी, कुठल्या स्वरूपात लागते. अ‍ॅडमिनला विचारलंत तरी गेटवरही विचारा, दोघांची उत्तरं वेगळी निघतात आणि खरं उत्तर गेटवरचं असतं.

वक्त्या. लवकर विचारा, आणि विषय तांत्रिक द्या. डेटाबेसमध्ये दहा वर्षं घालवलेल्या बाईला बोलावून "घर आणि करिअर कसं सांभाळता" विचारायचं असेल तर मला बोलावू नका. तिला इंडेक्स कसा काम करतो ते सांगू दे, लोक ऐकतात, खरंच ऐकतात. पहिल्यांदा विचारलं की बहुतेक जणी म्हणतात "अगं मी काय एवढी एक्स्पर्ट नाही", हा नकार नसतो, चार दिवसांनी परत फोन करा, वीस मिनिटांचंच बोलायचंय म्हणा, स्लाइड आधी एकत्र बघू म्हणा. एक जण ऐनवेळी गळते असं धरूनच चाला आणि स्वतःचं काहीतरी तयार ठेवा. आणि बदली वक्ती आली तर तिचं नाव यादीत. हो, त्याच.

आता फॉर्म, इथेच खरी गंमत आहे, इथेच मी दुसऱ्यांदा मार खाल्ला. त्या दिवशी अ‍ॅडमिनवाल्याला शेवटी फोनवर गाठला, त्याने बिचाऱ्याने घरून गेटवर यादी पाठवली, चला सुटलो म्हटलं. तर काका एकेकीचं ओळखपत्र बघून नाव जुळवायला लागले आणि पाच नावं जुळेनात. फॉर्मवर एक, आधारवर एक. कुणाचं लग्न झालंय पण आधार माहेरच्या नावाचं, कुणी सासरचं आडनाव कागदावर घेतलंय पण कामाच्या ठिकाणी जुनंच लावते, एकीचं घरी ठेवलेलं नाव वेगळं. त्यातली एक साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडून स्वारगेट, तिथून पुढची बस करत आली होती. मी आत बाकीच्यांना बसवायला गेले, वीस मिनिटांनी बाहेर आले तर ती निघून गेलेली. फोन केला तर म्हणाली, "राहू दे ताई, पुढच्या वेळी येईन." आलेली नाही अजून.

म्हणून फॉर्ममध्ये दोन वेगळे रकाने करा. एक, "तुम्हाला काय नावाने हाक मारायची", हे बॅजवर जाईल. दुसरा, "शनिवारी जे ओळखपत्र बरोबर आणणार त्यावर जसं छापलंय तसंच पूर्ण नाव". 'तसंच' हा शब्द ठळक करा. आधार नंबर मागू नका, फोटो तर अजिबात नको, ती माहिती आपल्या गूगल शीटमध्ये पडून राहायला आपण कोण. फक्त नाव. शिवाय लॅपटॉपची कंपनी आणि खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर (गेटवर तोही तपासतात), गाडी आणणार असतील तर गाडीचा नंबर. सिरीयल नंबर कुठे असतो हे पंचवीस जणी विचारतील, एक फोटो काढून ग्रुपवर टाकून द्या.

आणि हे नावांचं लफडं काही आपल्याच देशातलं नाही. एनिअ‍ॅक हा कॉम्प्युटर फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात लोकांसमोर आणला, त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं, आणि आज त्यांच्याबद्दल शोधायला गेलात तर प्रत्येकीची दोन नावं लक्षात ठेवावी लागतात. बेटी स्नायडर म्हणजेच बेटी होल्बर्टन, बेटी जेनिंग्ज म्हणजे जीन बार्टिक, के मॅकनल्टी आधी मॉकली झाली मग अँटोनेली. अमेरिकन नौदलातली प्रोग्रॅमर ग्रेस हॉपर, तिच्यातलं हॉपर नवऱ्याचं, १९४५ साली घटस्फोट झाला पण नाव तेच राहिलं, आणि १९५२ चा ए-झिरो कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणून देणारा प्रोग्रॅम) त्याच नावावर. अ‍ॅडा तर जन्माने बायरन, लग्नानंतर किंग, नवरा अर्ल झाल्यावर लव्हलेस, आणि १८४३ साली बॅबेजच्या गणित करणाऱ्या यंत्राने बर्नुली संख्या (गणितातली एक मालिका) काढायची रीत ज्या टिपांमध्ये छापून आली त्यांच्याखाली सही काय, तर नुसतं ए. ए. एल. आमच्या गेटवर तिला कोणीही सोडलं नसतं.

फॉर्ममध्ये अजून दोन प्रश्न. लहान मूल बरोबर आणणार का, आणि फोटो ऑनलाइन टाकलेले चालतील का. मूल येणार असेल तर कंपनीला आधी विचारा, चालत असेल तर मुलाचं नावही यादीत जातं, तीन वर्षांचं असलं तरी. फोटो नको म्हणणाऱ्यांच्या बॅजवर लाल टिकली चिकटवा, त्यांच्याकडे कॅमेरा फिरवायचा नाही, कारण विचारायचं नाही. चहा-नाश्तावाला? यादीत. गेल्या वेळी समोसे वेळेवर आले ते गेटपर्यंत, आत आले साडेअकराला, गारढोण.

कोच. जँगो गर्ल्स म्हणजे बायकांना प्रोग्रॅमिंग शिकवणारी संस्था, त्यांनी २०१४ पासून जगभर वर्कशॉप केलेत आणि त्यांचा हिशोब सरळ आहे, तीन शिकणाऱ्यांमागे एक कोच. मला वाटायचं पाचाला एक पुरेल. नाही पुरत, कारण पहिला दीड तास कोणी कोड लिहीत नाही, सगळे इन्स्टॉल करत बसतात. विंडोजवर पायथन टाकताना खाली 'पाथ'चा एक चौकोन असतो तो टिक करायचा राहतो, मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि समोरच्या मुलीला वाटतं तिचंच काहीतरी चुकलं. ऑफिसचा लॅपटॉप आणला असेल तर अ‍ॅडमिन पासवर्ड नाही, पेनड्राइव्ह बंद. म्हणून बुधवारी संध्याकाळी तासभर ऑनलाइन इन्स्टॉलेशनचं सत्र घ्या, ज्यांचं अडेल त्यांनी ब्राउझरमध्येच चालवायचं, त्यात कमीपणा नाही. कोचना एकच नियम सांगा, शिकणारीच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. पुरुष कोच चालतील, पण हा नियम त्यांना दोनदा सांगा. कोचही यादीत, सिरीयल नंबरसकट, ते स्वतः त्याच टेकपार्कमध्ये कामाला असले तरी, कारण इमारत दुसरी असते.

बाकी सामान म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड (मोजा, मग दोन जास्त), एचडीएमआयचा डोंगल, मार्कर, सॅनिटरी पॅड टॉयलेटमध्ये ठेवायला, उपवासवाल्यांसाठी काहीतरी, वेफर्स नव्हे.

आणि वायर. ही माझी लाडकी गोष्ट. ग्रेस हॉपर भाषणाला जाताना साधारण ३० सेंटिमीटरचे वायरचे तुकडे घेऊन जायची आणि वाटायची, एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते म्हणून. त्याच्या हजारपट मायक्रोसेकंद दाखवायला तर अख्खं भेंडोळं. मी तपकीर गल्लीतून लाल वायर आणली, घरी ओट्यावर फूटपट्टी ठेवून चाळीस तुकडे कापले, कात्रीचे वळ दोन दिवस बोटावर होते. एक तुकडा हातात दिला की मग सांगायचं, तुझा लॅपटॉप ३ गिगाहर्ट्झचा आहे ना, सेकंदाला तीन अब्ज ठोके, म्हणजे त्याच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा या वायरच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच जातो, १० सेंटिमीटर, तुझ्या फोनच्या लांबीपेक्षा कमी. मग चिपा एवढ्या छोट्या का करत गेले हे न सांगता कळतं. गेल्या वेळी हा भाग वेळ संपल्यामुळे गाळला. चाळीस तुकडे घरी परत आणले. गेटवर गेला ना वेळ.

बरं, गुरुवार. गुरुवारी दुपारी, पुन्हा म्हणते दुपारी, यादी पाठवायची. शुक्रवार नाही. पाठवून झालं की अ‍ॅडमिनला फोन करून "मिळाली का" विचारायचं, आणि तो "हो मॅडम" म्हणाला की "सिक्युरिटीला फॉरवर्ड केलीत का, मला सीसीमध्ये ठेवाल का" हेही विचारायचं, लाज वाटली तरी. शुक्रवारी सकाळी सिक्युरिटी डेस्कला स्वतः फोन, शनिवारी सकाळी गेटवर ड्यूटी कुणाची आहे ते विचारा, कारण शिफ्ट बदलते आणि रात्रीच्या माणसाकडे आलेला कागद सकाळच्या माणसाला माहीत नसतो. गुरुवारनंतर नोंदणी बंद. मैत्रिणीची मैत्रीण असली तरी बंद, वाईट वाटतं, वाटू द्या. यादीचे तीन प्रिंट, आडनावाने नाही तर पहिल्या नावाने लावलेले, पहिलं नाव बहुतेकींचं तरी तेच राहतं. ग्रुपवर शुक्रवारी रात्री एकच मेसेज, "ओळखपत्र तेच आणा ज्यावरचं नाव दिलंय", बाकी पत्ता, नकाशा, सुविचार काही त्यात घालू नका, नाहीतर कोणी वाचत नाही.

शनिवारी एक माणूस फक्त गेटवर. तो बॅज लावणार नाही, वक्तीला पाणी देणार नाही, अकरापर्यंत गेट सोडणार नाही. प्रिंट, छत्री, अ‍ॅडमिनचा घरचा नंबर त्याच्याकडे. मी यंदा स्वतः उभी राहणार आहे.

आत काय, सुरू करा, फॉन्ट मोठा ठेवा, मराठी-हिंदी-इंग्रजी जे येईल ते बोला, "सगळ्यांना कळलं का" विचारू नका, कोणी नाही म्हणत नाही. वायर जेवणाच्या आधी वाटा. साडेचारला संपवा म्हणजे साडेचारलाच, लांबून आलेल्यांना बस आहे, आणि बाहेर पडताना परत लॅपटॉपचे नंबर तपासतात त्यात अर्धा तास जातो.

नंतरचं काय ते, फीडबॅक त्याच दिवशी घ्या, थँक्यू मेल, ज्यांचं अर्धवट राहिलं त्यांच्यासाठी आठवड्याने एक कॉल, शीटमधले सिरीयल नंबर आणि गाड्यांचे नंबर डिलीट करून टाका. सर्टिफिकेट देणार असाल तर त्यावर पहिल्या रकान्यातलं नाव, जे ती स्वतः लावते ते. आधारवालं गेटपुरतं.

साताऱ्याच्या तिला परवा फॉर्म पाठवलाय, अजून भरलेला नाही.