शिवराई ते राणीछाप : जुनी नाणी जमवताना या चुका टाळा

देव्हाऱ्यात, आजीच्या बटव्यात किंवा माळ्यावरच्या डब्यात जुनी नाणी सापडली की घरातलं कोणीतरी ती लगेच चिंच-मिठाने घासायला घेतं. कृपा करून घासू नका. शिवराईवरची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यावरची, तपकिरी-काळी झाक म्हणजे मळ नव्हे, तो शे-दोनशे वर्षांत तयार झालेला धातूचाच वरचा थर आहे. आम्लाने तो जातोच, शिवाय अक्षरांच्या कडाही बोथट होतात. घासलेलं तांबं भिंगाखाली लपत नाही. उंचवटे गुलाबी दिसतात, खाचांत काळपट उरतं आणि पृष्ठभागावर बारीक ओरखडे असतात. असं नाणं जाणकार घेत नाही, घेतलं तर भाव पाडून घेतो.

माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा आणि शेवटी मऊ सुती कापडाने टिपून घ्या. कळंकाकडे मात्र नीट पाहा. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर धातूत क्लोराइड शिरलेलं आहे आणि दमट हवेत ते तांबं खात जातं. असं नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा. मऊ पीव्हीसी पाकिटांचे स्वस्त अल्बमही टाळा. कालांतराने त्यांतून चिकट हिरवट द्रव सुटतो. कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

सर्वांत जास्त गैरसमज शिवराईच्या काळाबद्दल आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ वाचलं की नाणं थेट महाराजांच्या हातचं, असं मानलं जातं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ही नाणी पडू लागली हे खरं. पण तीच अक्षरं पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पडत राहिली, आणि १८१८ नंतरही शिवराई बाजारात चालत होती. म्हणून अक्षरांचं वळण, ‘शिव’ की ‘सिव’ असे पाठभेद, बिंदूंचं वर्तुळ आणि वजन हे सगळं एकत्र पाहावं लागतं. अक्षरओळींच्या मध्ये दोन आडव्या दांड्या असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळातली. ती हलकी मानायचं कारण नाही. दीडशे वर्षं एका राजाचं नाव बाजारात टिकवून धरणारं नाणं म्हणून मला ती फार मोलाची वाटते. फक्त ती सतराव्या शतकातली सांगून विकू नये, आणि कोणी सांगितलं तर घेऊ नये.

प्रत, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे ते, ठरवतानाही इथेच गोंधळ होतो. शिवराई हातोड्याने पाडलेली आहे. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे काही अक्षरं मुळातच चकतीबाहेर गेलेली असतात. त्याला झीज म्हणू नका. उंच भाग सपाट आणि गुळगुळीत झाले असतील तर झीज. एकीकडे अक्षरं ठसठशीत आणि दुसरीकडे पुसट असतील तर बहुधा ठसा तिरका बसलेला. व्हीएफ (बऱ्यापैकी चांगलं), एक्सएफ (अतिशय चांगलं), यूएनसी (न वापरलेलं) या श्रेण्या यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना नीट लागू पडतात, शिवराईला त्या डोळे झाकून लावता येत नाहीत.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाच्या, चांदीच्या रुपयाची वेगळीच गंमत आहे. १८६२ हे साल त्यावर पुढची कित्येक वर्षं तसंच राहिलं, त्यामुळे साल वाचून नाणं नेमकं कधीचं ते कळत नाही. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर मागच्या बाजूला असलेली बारीक टिंबं मोजूनच प्रकार ठरतो. ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं ते १८७७ पासून.

किमतीचं म्हणाल तर जुनं म्हणजे महाग, हे डोक्यातून काढा. या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. झिजलेल्या, सर्रास मिळणाऱ्या सालाला चांदीच्या भावापेक्षा फार काही मिळत नाही. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४६-४७ चा रुपया तर निकेलचा आहे. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकलाही खूप. काटा आणि चुंबक जवळ ठेवा. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण चिकटलं नाही एवढ्यावर नाणं खरं ठरत नाही. मागितलेली किंमत आणि लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत फरक असतो. पाहायची ती दुसरी.

ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं राम-दरबार किंवा हनुमानाचं नाणं लाखांना मागत असतील तर उठून या. कंपनीने अशी नाणी पाडलीच नाहीत. वैष्णोदेवीच्या छापाच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो देतो म्हणून आधी शुल्क मागणारे फसवेच असतात. रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल २०२१ मध्ये इशारा दिला होता.

शेतात नांगरताना हंडा लागला तर नाणी वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. परदेशातल्या नातेवाइकाला शंभर वर्षांपूर्वीची शिवराई भेट म्हणून पाठवणंही १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसत नाही.