इलेक्ट्रिक गाडीने कोकणात: हायवे सोडण्याआधी काय जमवायचं

पनवेल ते सावंतवाडी हा सरळ हायवेचा प्रवास इलेक्ट्रिक गाडीला आता फारसा अवघड राहिलेला नाही. खरी परीक्षा सुरू होते ती समुद्राकडे वळल्यावर. बहुतेक ठिकाणी फाट्यापासून किनारा ३० ते ५० किलोमीटर लांब असतो. रस्ता एकदा खाडीत उतरतो, एकदा सड्यावर चढतो, आणि गावात फास्ट चार्जर मिळेलच याची खात्री नसते. म्हणून नियोजन मुक्कामापासून उलटं करत या: गावात रात्री चार्जिंग होणार का, नाही झालं तर परत हायवेला यायला किती युनिट लागतील, आणि त्यासाठी फाट्यावर बॅटरी किती भरलेली हवी.

हिशेब टक्क्यांत न करता युनिटमध्ये करा. समजा बॅटरी ४० युनिटची (म्हणजे ४० किलोवॉट-अवरची) आहे. एसी लावून ८०-९०च्या वेगाने गेलं तर एका युनिटला साधारण ६.५ किलोमीटर धरा. शहरात मिळणारा आकडा इथे धरायचा नाही. २० टक्के राखीव ठेवले की वापरायला ३२ युनिट उरतात, म्हणजे जेमतेम २०८ किलोमीटर. पनवेल ते चिपळूण सुमारे २०० किलोमीटर आहे. कागदावर हे जमतं. पण तुम्ही ठाण्याहून किंवा बोरिवलीहून निघाला असाल तर पनवेलपर्यंतच पाच-सात युनिट गेलेले असतात. अशा वेळी माणगाव किंवा महाडला जेवणाचा थांबा आणि चार्जिंग एकत्र करावं, चिपळूणला पुन्हा थोडं भरून गुहागरकडे वळावं. गणपतीच्या दिवसांत कोंडीची भीती वाटते, पण उभ्या गाडीत एसी तासाला एक-दीड युनिटच खातो. चार तास अडकलात तर पाच-सहा युनिट जास्तीचे ठेवले की पुरतात. त्या दिवसांत खरा वेळ जातो चार्जरच्या रांगेत.

प्रत्येक थांब्यासाठी दोन चार्जर हेरून ठेवा, आणि दुसरा पहिल्यापासून २०-२५ किलोमीटरच्या आत असावा. अ‍ॅपवर चार्जर हिरवा दिसला म्हणून भरवसा ठेवू नका. शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा, लोकांचे ताजे अभिप्राय वाचा आणि निघण्याआधी तिथे फोन करा. हॉटेलच्या आवारातले काही चार्जर रात्री गेट बंद झालं की मिळत नाहीत. घाटात आणि आतल्या गावांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून अ‍ॅप डाउनलोड करणं, खातं उघडणं आणि वॉलेटमध्ये पैसे भरणं घरीच उरका. ६० किलोवॉटच्या चार्जरला दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतील आणि दुसऱ्या गनला आधीच गाडी लागली असेल तर तुमच्या वाट्याला बहुधा ३०च येतात. त्या वेगाने ४० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर जायला ५० मिनिटं तरी लागतात. ८०च्या पुढे वेग आणखी मंदावतो. हायवेवर ८०ला गन काढून मागच्याला जागा द्यावी. फाट्यावरचा शेवटचा थांबा मात्र याला अपवाद आहे, तिथे ९०-९५पर्यंत थांबलेलं बरं.

आता रात्रीचा प्लग. कोकणातली सहल खरी यावरच उभी असते.

होमस्टे बुक करताना "चार्जिंग आहे का" एवढंच विचारू नका, कारण उत्तर बहुतेक वेळा "हो, आहे की" असंच येतं. गाडी उभी राहते तिथून किती फुटांवर १५ अँपिअरचा प्लग आहे ते विचारा आणि त्याचा फोटो मागवा. अर्थिंग केलेलं आहे का, आणि त्याच लाइनवर गिझर, एसी किंवा विहिरीचा पंप चालतो का, तेही विचारून घ्या. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र आठ-आठ तास सलग करंट ओढते. त्यामुळे वर्षानुवर्षं गिझर चालवलेला सॉकेटही गाडीच्या भाराने वितळू शकतो. गाडीत किंवा केबलवर सोय असेल तर करंट १० अँपिअरवर ठेवा. २३० व्होल्टला तासाला २.३ युनिट, रात्री ११ ते सकाळी ७ मध्ये १८, आणि घट वजा जाता बॅटरीत १६ पोचतात. म्हणजे साधारण शंभर किलोमीटरची सोय झाली. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर लगेच बंद करा.

एक्स्टेंशन लागणारच असेल तर ते स्वतःचं न्या: तीन पदरी तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि दोन्ही टोकांना १५-१६ अँपिअरची दणकट जोडणी. गुंडाळी पूर्ण उलगडा, नाहीतर ती आतून तापते. चार्जिंग केबलवर लाल दिवा लागून "अर्थ फॉल्ट" आला तर दोष बहुधा घराच्या अर्थिंगचा असतो. कोरड्या जांभ्या कातळात पुरलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नीट लागत नाही. अर्थिंगला बगल देणारा अ‍ॅडॉप्टर वापरू नका, ओल्या अंगणात ते जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या खोलीतला प्लग बघा, किंवा गावातल्या वायरमनला बोलवा. लाइट गेल्यावर जनरेटरवरही हाच दोष दिसतो, त्याच्यावर विसंबू नका. आणि युनिटचा दर मालकांशी आधीच ठरवा, मीटरचं रीडिंग त्यांच्यासमोर घ्या. कुणाच्या वीजबिलावर फुकट गाडी भरणं बरं नाही.

कोल्हापूर किंवा कराडकडून येणाऱ्यांनी घाटाचा हिशेब वेगळा धरावा. माणसं आणि सामान धरून १८०० किलोची गाडी १०० मीटर चढवायला अर्धा युनिट लागतो. सावंतवाडीहून आंबोली चढायला अंतराच्या खर्चावर आणखी तीन-साडेतीन युनिट जातात. उतरताना त्यातले बरेच परत येतात, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजन (वेग कमी करताना बॅटरीत वीज परत भरण्याची सोय) जवळपास चालत नाही आणि भार ब्रेकवर येतो. आंबोलीत मुक्काम असेल तर चार्जिंग ९०ला थांबवा. परतीला घाट चढायचा आहे हे पायथ्याशी आठवून उपयोग नाही, ते युनिट आदल्या रात्रीच भरलेले हवेत.

सागरी मार्गाने जाताना दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटी बरंच अंतर वाचवतात. पण संध्याकाळची शेवटची बोट चुकली किंवा समुद्र खवळला म्हणून सेवा थांबली, तर दाभोळहून गुहागरला खेड–चिपळूणमार्गे शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. जेट्टीवर पोचताना तेवढी बॅटरी शिल्लक हवी. सुटण्याची वेळ त्याच दिवशी विचारा. ओहोटीला बोटीच्या फळीचा कोन तीव्र होतो आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पोटाखालीच असते. तिरकं न वळता, सरळ आणि हळू चढवा. खालून घासल्याचा आवाज आला तर पुढच्या मुक्कामी वाकून बॅटरीचं कव्हर बघा. पोचा किंवा चीर दिसली तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.