डायनासोरचं अंडं, समुद्री राक्षस आणि घाई : या चुका टाळा

मला येणारे बहुतेक फोन गोल दगडांसाठी असतात. विहीर खणताना किंवा घाटात रस्ता कापताना नारळाएवढा गोल दगड निघतो आणि संध्याकाळपर्यंत 'डायनासोरचं अंडं' म्हणून त्याचे फोटो तालुकाभर फिरतात. आपला सह्याद्री थिजलेल्या लाव्ह्याचा, बेसॉल्टचा आहे. या खडकाला भेगा पडून ठोकळे होतात, भेगांतून पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल गाभा उरतो. त्यात अंडं नसतं.

एका गावात मी फोनवर बजावलं होतं, दगडाला हात लावू नका. पोचलो तोवर पोरांनी घण घालून त्याचे दोन तुकडे केले होते, आत पिल्लू आहे का ते बघायला. "सर, ॲपवर फोटो टाकला, त्यानं अंडंच सांगितलं," एक जण म्हणाला. दगड किती खोलीवर, कुठल्या थरात होता, हे मात्र कुणालाच सांगता येईना. आत काळा कातळ निघाला. पण तो खरोखर जीवाश्म असता तर? तुकडे जोडता येतात, हरवलेला थर परत मिळत नाही. या घाईचा मला मनस्वी राग येतो.

म्हणून मी आधी थर विचारतो. खरी अंडी मिळाली ती लामेटा नावाच्या गाळाच्या खडकांत : गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला, मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला हाडं आणि विष्ठेचे जीवाश्म सापडलेत. शंका आलीच तर दगड ओला करून भिंगाखाली कड बघा. कवच जेमतेम दोनेक मिलिमीटरचं असतं आणि त्यात बारीक छिद्रं असतात. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, दगड जागेवरच राहू द्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

समुद्रातल्या प्रत्येक जुन्या सरीसृपाला डायनासोर म्हणू नका. प्लेसिओसॉर, इक्थिओसॉर, मोसासॉर ही घराणीच वेगळी. मोसासॉर तर घोरपडींच्या नात्यातले. कच्छमध्ये लोडाईजवळ सापडलेला सुमारे साडेपाच मीटरचा इक्थिओसॉर 2017 मध्ये जगापुढे आला, तेव्हाही तो 'समुद्री डायनासोर' म्हणूनच सगळीकडे फिरला. इक्थिओसॉर डायनासोरांच्याही आधी, सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी संपले.

मेगालोडॉन शार्क होता. तो डायनासोरांनंतर कोट्यवधी वर्षांनी आला.

स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स एकाच चित्रात काढू नका, त्यांच्यात सुमारे 8 कोटी वर्षांचं अंतर आहे.

सगळे डायनासोर नष्ट झाले, हेही चूक. पक्षी त्यांचेच वंशज.

राहिली सडलेली धुडं. 1977 मध्ये न्यूझीलंडजवळ झुइयो मारू या जपानी बोटीच्या जाळ्यात लांब मानेचं धूड आलं आणि प्लेसिओसॉर जिवंत असल्याचा गाजावाजा झाला. खलाशांनी धूड समुद्रात टाकलं, पण त्याआधी फोटो काढले, मापं घेतली आणि पोहायच्या पराचे (कल्ल्याजवळच्या पंखाचे) तंतू ठेवून घेतले. त्या तंतूंची रासायनिक तपासणी बास्किंग शार्ककडेच बोट दाखवत होती. हा मासा कुजताना जबडा आणि कल्ले आधी गळतात, मग उरलेलं धूड लांब मानेचं दिसतं. कोकण किनाऱ्यावर असं काही लागलं तर जवळ जाऊन सेल्फी काढत बसू नका. लांबूनच फोटो घ्या आणि वन विभागाला कळवा.