जुन्या वस्तीत राहायला जाताना सामानासाठी खोली

नवं घर बघताना लोक खोल्या मोजतात, मी आधी जिना मोजते. जुन्या इमारतीत कपाट आत जाणार की स्टोरेजमध्ये (सामान ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या खोलीत), हे जिन्याचं वळण आणि दाराची चौकट ठरवतात. इमारत वारसा यादीत असेल तर परवानगीशिवाय चौकटीला हात लावता येईलच असं नाही.

काय मावत नाही याची यादी झाल्यावरच खोली घ्या. ५ बाय १० फुटांत साधारण एका खोलीचं सामान बसतं. करारात विमा आणि खोली सोडण्याची मुदत नीट वाचा.

खरी काळजी लाकडाची. आजीचा शिसवी देव्हारा मी तापमान आणि दमटपणा आटोक्यात ठेवणाऱ्या खोलीतच ठेवला. तिथे पैसे वाचवू नयेत असं मला मनापासून वाटतं. लाकूड प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की ओल कोंडते आणि बुरशी धरते. सुती चादर घाला, खाली फळ्या टाका, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. फ्रीज कोरडा पुसून दार किलकिलं ठेवा. धान्य, रॉकेल, गॅस सिलिंडर मुळीच नको.

लागणाऱ्या वस्तू दाराशी, मधे चालायला वाट. कुलूप स्वतःचं न्या.