मातीत किती आहे, आणि झाडाला किती मिळतं

जंगलाच्या मातीवर काम सुरू करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: इथल्या मातीत नत्र किती? माझाही तोच होता. पहिलं अख्खं वर्ष नमुने आणणं, वाळवणं, चाळणं आणि एकूण नत्र मोजणं यात गेलं. तक्ता तयार झाला, पण त्यातून काही निघेना. जंगलात मोजणीसाठी आखलेल्या ज्या तुकड्यात, म्हणजे प्लॉटमध्ये, नत्र जास्त होतं, तिथली झाडं जोमानं वाढत होती असं मुळीच नव्हतं.

मातीतलं बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं. अमोनियम आणि नायट्रेट या रूपांत मुळांना लगेच उचलता येईल असा भाग त्या मानानं अगदी थोडा असतो. झाड साठ्याच्या आकड्यावर वाढत नाही. पालापाचोळा किती वेगानं कुजतो आणि त्यातून काय मोकळं होतं, यावर ते वाढतं. हे मला दीड वर्षानं उमगलं. तुम्ही पहिल्याच महिन्यात ते मनात पक्कं करा, म्हणजे संशोधनाचा प्रश्नच वेगळा मांडाल.

तो वेग पाहायची सगळ्यात साधी पद्धत म्हणजे पाचोळ्याच्या पिशव्या. जाळीच्या पिशवीत वाळलेली पानं तोलून भरायची, जमिनीवर ठेवायच्या आणि दर काही महिन्यांनी थोड्या थोड्या उचलायच्या. जाळी फार बारीक असेल तर गांडुळं आत जात नाहीत, फार मोठी असेल तर पानांचे तुकडे गळतात. सहा महिन्यांनी उघडलेली माझी पहिली पिशवी अजून डोळ्यांसमोर आहे. पानांचा गर गेलेला, नुसती शिरांची जाळी उरलेली, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी दोन पानं एकमेकांना शिवल्यासारखी, आणि मधून एक केसासारखं मूळ शिरलेलं. वजन निम्म्याच्या आसपास आलं होतं, पण नत्र सुरुवातीपेक्षा जास्त भरलं. मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. चूक नव्हती. पानात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असेल तर बुरशी आजूबाजूचं नत्र आत ओढून आणते. पान आधी घेतं, बऱ्याच काळानं देतं. या विषयात मी कायमची रमले ती त्या दिवशी.

आता नमुन्यांबद्दल, कारण इथे माझा एक पूर्ण हंगाम वाया गेला. नायट्रेट मोजायचे नमुने मी शुक्रवारी आणले आणि सोमवारपर्यंत खोलीतच ठेवले. पिशवीतले सूक्ष्मजीव थांबत नाहीत, आणि तिथे नत्र उचलायला जिवंत मुळंही नसतात. तीन दिवसांत नायट्रेट चढलं आणि तो सगळा रकाना टाकून द्यावा लागला. नमुने बर्फाच्या पेटीतूनच आणा. मातीतलं अमोनियम आणि नायट्रेट पाण्यात उतरवण्यासाठी ते पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी टाका. आणि ते द्रावण गाळायचा गाळणकागद आधी धुऊन घ्या, कागदातूनही अमोनियम उतरतं. मातीशिवायचे कोरे नमुने प्रत्येक खेपेला चालवा.

संख्याशास्त्र सुरुवातीलाच शिका. एकाच प्लॉटमधून वीस नमुने घेतले म्हणून वीस प्लॉट होत नाहीत. ही चूक माती खणण्याआधी सुधारता येते, नंतर नाही.

पीएचडीसाठी संशोधन गट निवडताना मी एकच गोष्ट आधी बघेन: त्यांच्याकडे वर्षानुवर्षं मोजलेले जुने प्लॉट आहेत का? पीएचडी चार-पाच वर्षांत संपते, जंगलाचं उत्तर त्याहून उशिरा येतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात 1963 पासून ओढ्यांच्या पाण्याचं रसायन मोजलं जातंय. तिथल्या एका पाणलोटातली झाडं 1965 च्या अखेरीस तोडली आणि तीन वर्षं तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं. कुजणं सुरूच होतं, उचलणारी मुळं मात्र नव्हती. त्याच नोंदींमधून आम्लवर्षा दिसली आणि मातीतून धुऊन गेलेलं कॅल्शियमही. 1999 मध्ये दुसऱ्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरनं कॅल्शियमचं खनिज पसरून ते परत दिलं, आणि त्यानंतर तिथल्या मेपलच्या झाडांची तब्येत सुधारली. आधीची वर्षं मोजलेली नसती तर यातलं काहीच सांगता आलं नसतं.

नत्रावर हात बसला की स्फुरदाकडे, म्हणजे फॉस्फरसकडे वळा. नत्र हवेतून येऊ शकतं, स्फुरद मुख्यतः खडकातून. त्यामुळे अतिशय जुन्या, झिजलेल्या मातीत बहुधा त्याचीच टंचाई असते.

आणखी एक. पिशव्या ठेवताना ठरल्यापेक्षा दहा-बारा जास्त ठेवा. काही रानडुकरं उकरतात, काही सापडतच नाहीत. क्रमांक शाईनं लिहू नका, दोन पावसाळ्यांत तो पुसला जातो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं कोरून पट्टी पिशवीच्या आत घाला.